गोल पृथ्वी चपटी कशी झाली? : पडद्याच्या आकाराची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत त्रेचाळीस इंची नवा टीव्ही संच आला. पहिल्याच आठवड्यात आठवीच्या वर्गाला सूर्यमालेवरचा एक जुना माहितीपट दाखवायचे ठरले. चित्र सुरू झाले. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर निळी पृथ्वी सावकाश फिरू लागली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, पृथ्वी अशी लांबट का दिसते?”

मी जराही न थांबता उत्तर दिले, “पृथ्वी ध्रुवांजवळ चपटी आहे, हे आपण शिकलो ना? तेच इथे दिसतेय.” वर्गाचे समाधान झाले. माझेही झाले.

दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. मधल्या सुट्टीत तिने तोच माहितीपट पुन्हा लावून, चित्र थांबवून, पडद्यावर मोजपट्टी धरली होती. पृथ्वीची उंची ३६ सेंटिमीटर, रुंदी ४८ सेंटिमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तीय व्यास सुमारे १२,७५६ किलोमीटर आणि ध्रुवीय व्यास सुमारे १२,७१४ किलोमीटर, हे आकडे तिने पुस्तकातून घेतले होते. ती म्हणाली, “सर, या हिशेबाने ४८ सेंटिमीटरला फरक दीड मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. इथे तर बारा सेंटिमीटर आहे.”

तिचे बरोबर होते आणि माझे उत्तर सपशेल चुकले होते. पृथ्वीचा चपटेपणा सुमारे तीनशेत एक एवढा सूक्ष्म आहे. तो नुसत्या डोळ्यांना चित्रात दिसणारच नाही. पडद्यावर दिसत होता तो पृथ्वीचा आकार नव्हे, तर संचाचा पराक्रम होता. ४८ भागिले ३६ म्हणजे ४/३. या एका अपूर्णांकात एका शतकाचा इतिहास दडलेला आहे. तो समजून घेतला, तर नवा संच कोणता घ्यावा, कुठे ठेवावा आणि कसा लावावा, या व्यवहारी प्रश्नांची उत्तरेही आपोआप सापडत जातात.

पट्टीच्या कडेची चार छिद्रे

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज येथे थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती. तेथे विल्यम डिक्सन हा सहकारी चलच्चित्राच्या यंत्रावर काम करीत होता. ईस्टमन कंपनीची सेल्युलॉइडची लवचिक फिल्म नुकतीच उपलब्ध झाली होती. १८९२ च्या सुमारास डिक्सनने ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कायम केली. यंत्राच्या दात्यांना ती ठरावीक अंतराने ओढता यावी, म्हणून तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडली आणि एका चित्रासाठी चार छिद्रांची उंची राखून ठेवली.

आता साधा हिशेब करू. दोन छिद्रांमधले अंतर सुमारे पावणेपाच मिलिमीटर. चार छिद्रांची उंची झाली १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. छिद्रांच्या दोन ओळींमध्ये मोकळी जागा उरली सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच. एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच, म्हणजे रुंदी व उंची यांचे गुणोत्तर ४:३. पुढे १९०९ साली पॅरिसमध्ये भरलेल्या चित्रपट-उत्पादकांच्या परिषदेने ही पट्टी प्रमाण म्हणून स्वीकारली आणि ४:३ हा आकार जगभर गेला.

या छिद्रांचा आपल्याकडच्या इतिहासाशी घरगुती म्हणावा असा संबंध आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेऱ्याबरोबरच छिद्रे पाडण्याचे यंत्रही घेऊन आले. फिल्म कोरी येई. दादरच्या घरी रात्रीच्या अंधारात तिला छिद्रे पाडण्याचे नाजूक काम सरस्वतीबाई फाळके करीत. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मधल्या प्रत्येक चित्राची उंची त्या छिद्रांनीच ठरवली होती.

बोलपट आल्यावर पट्टीच्या एका कडेला ध्वनीची रेघ छापावी लागली. चित्राची रुंदी कमी होऊन ते जवळजवळ चौरस दिसू लागले. म्हणून १९३२ साली हॉलिवूडच्या अकादमीने उंचीही थोडी कमी करून सुमारे १.३७:१ असे गुणोत्तर ठरवले. हा आकार जुन्या ४:३ च्या म्हणजे १.३३:१ च्या अगदी जवळचा होता. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहताना आपण पाहतो तो हाच आकार.

गोल नळीत मावणारा आयत

दूरचित्रवाणी आली तेव्हा तिच्यापुढे चित्रपटाचा आकार तयारच होता. तो उचलण्यामागे एक भौतिक कारणही होते. सुरुवातीच्या संचांतील चित्रनळीचे तोंड गोल असे. निर्वात नळीवर बाहेरून हवेचा प्रचंड दाब पडतो आणि तो पेलायला गोल काच सर्वांत सोयीची. या वर्तुळात कोणता आयत बसवावा?

वर्तुळात मावणारा सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाचा आयत म्हणजे चौरस, हे नववी-दहावीचा विद्यार्थी सिद्ध करू शकेल. चौरस बसवला तर वर्तुळाचा ६४ टक्के भाग वापरला जातो. ४:३ चा आयत बसवला तर ६१ टक्के. म्हणजे चौरस सोडल्याने फारसे नुकसान होत नाही. पण १६:९ चा आयत घेतला तर ५४ टक्केच काच कामी येते. काच महाग आणि नळी अवजड, अशा काळात रुंद पडदा परवडणारा नव्हता. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने १९३६ साली प्रक्षेपण सुरू केले तेव्हा ५:४ हा आणखी चौरसाकडे झुकणारा आकार निवडला होता. १९५० मध्ये त्यांनी तो बदलून ४:३ केला. अमेरिकेने १९४१ च्या राष्ट्रीय प्रमाणात ४:३ हाच आकार घेतला होता.

टीव्हीचे माप कर्णात सांगण्याची चालही या गोल नळीचीच देणगी. वर्तुळात बसवलेल्या आयताचा कर्ण म्हणजेच वर्तुळाचा व्यास. नळीचा व्यास सांगितला की कर्ण आपोआप सांगितला गेला. ४:३ मध्ये तर हिशेब आणखी सोपा होता. ३, ४, ५ हे आपले परिचित पायथागोरसचे त्रिकूट. कर्णाच्या ०.८ पट रुंदी आणि ०.६ पट उंची. गोल नळी गेली, पुढे नळीच गेली, पण कर्णाची चाल राहिली. तिच्यामुळे ग्राहकाची फसगत कशी होते, ते पुढे पाहू.

आपल्याकडे दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले. १९८२ मध्ये रंग आले. चाळीतल्या एका संचासमोर जमणारी गर्दी, रविवारचा चित्रपट, क्रिकेटचे सामने हे सारे आपण ४:३ च्या चौकटीत पाहिले.

खगोलशास्त्रज्ञाचे भिंग

दूरचित्रवाणी घराघरांत शिरली तशी अमेरिकेतली चित्रपटगृहे ओस पडू लागली. १९४६ ते १९५३ या काळात तेथील प्रेक्षकसंख्या जवळजवळ निम्म्यावर आली. घरात जे फुकट मिळते, त्याहून वेगळे काही दाखवल्याशिवाय तिकीट खपणार नव्हते. घरच्या पडद्यात नाही ते काय? एक रंग, आणि दुसरी रुंदी.

पहिला धडाका ‘सिनेरामा’ने उडवला. फ्रेड वॉलर याने दुसऱ्या महायुद्धात विमानावरील तोफा चालवणाऱ्यांच्या सरावासाठी पाच प्रक्षेपकांचे एक यंत्र बनवले होते. आपल्याला खोलीचे व अंतराचे भान मुख्यतः नजरेच्या कडांना दिसणाऱ्या दृश्यातून येते, असे त्याचे मत होते. त्याच कल्पनेवर तीन कॅमेरे, तीन प्रक्षेपक आणि १४६ अंशांचा कमानदार पडदा अशी योजना करून ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला. प्रेक्षक भारावले, पण तीन चित्रे सांधणे जिकिरीचे होते आणि प्रत्येक चित्रपटगृहाला हा खर्च झेपणार नव्हता.

स्वस्त उपाय पडून होता तो फ्रान्समध्ये. आँरी क्रेत्यां हे खगोलशास्त्रज्ञ. अमेरिकी दुर्बीणकार जॉर्ज रिची यांच्याबरोबर त्यांनी १९१० च्या सुमारास दोन आरशांच्या दुर्बिणीची एक रचना केली. हबल अवकाश दुर्बीण आणि आपल्या लडाखमधील हानले येथील हिमालयीन चंद्र दुर्बीण या दोन्ही त्याच रिची-क्रेत्यां रचनेच्या आहेत. पहिल्या महायुद्धात रणगाड्यातील सैनिकाला अरुंद फटीतून जास्त रुंद दृश्य कसे दिसेल, या प्रश्नावर क्रेत्यांनी काम केले. त्यातून १९२० नंतरच्या दशकात त्यांचे ‘हायपरगोनार’ भिंग तयार झाले.

भिंगाचे तत्त्व समजायला पाण्याने भरलेला उभा काचेचा पेला पुरेसा आहे. पेल्याच्या मागे अगदी जवळ अक्षरे लिहिलेला कागद धरा. अक्षरे रुंद होतात, उंची मात्र तेवढीच राहते. पेल्याची काच आडव्या दिशेत वक्र आहे, उभ्या दिशेत सरळ आहे. म्हणून वर्धन एकाच दिशेत होते. क्रेत्यांचे भिंग याच जातीचे. चित्रीकरणाच्या वेळी ते दृश्याची रुंदी निम्मी दाबून नेहमीच्या ३५ मिलिमीटर पट्टीवर बसवी. पट्टीवरची माणसे काडीसारखी बारीक दिसत. प्रक्षेपकापुढे तसेच दुसरे भिंग लावले की रुंदी दुप्पट होऊन माणसे पुन्हा माणसासारखी दिसत. तीच पट्टी, तीच चार छिद्रे, पण चित्र दुप्पट रुंद!

हॉलिवूडच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने १९५२ च्या अखेरीस क्रेत्यांशी व्यवहार केला आणि १६ सप्टेंबर १९५३ रोजी ‘द रोब’ हा पहिला ‘सिनेमास्कोप’ चित्रपट न्यूयॉर्कमध्ये झळकला. गुणोत्तर होते २.५५:१. पुढे पट्टीवर ध्वनीच्या रेघेला जागा दिल्यावर ते २.३५:१ झाले. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९). छायाचित्रकार होते व्ही. के. मूर्ती. त्यांना पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

ज्यांना विशेष भिंग नको होते, त्यांनी आणखी सोपी युक्ती केली. चित्राचा वरचा व खालचा भाग झाकून टाकायचा. त्यातून युरोपात १.६६:१ आणि अमेरिकेत १.८५:१ ही गुणोत्तरे रूढ झाली. ७० मिलिमीटर पट्टीचे २.२०:१ हे आणखी एक. आपला ‘शोले’ (१९७५) ३५ मिलिमीटरवर चित्रित करून ७० मिलिमीटरवर वाढवला गेला. त्यासाठी चित्राचा वरचा-खालचा भाग सोडावा लागणार, हे ध्यानात ठेवूनच प्रत्येक दृश्याची मांडणी करावी लागली होती.

सांगायचा मुद्दा असा, की रुंद पडदा जन्माला आला तो टीव्हीपासून वेगळे दिसण्यासाठी. पुढे त्याच रुंद पडद्याने टीव्हीचा आकार बदलायला लावला, ही इतिहासाची गंमत.

घरच्या चौकटीत कापलेले चित्र

ज्या टीव्हीला हरवण्यासाठी हा उद्योग झाला, त्याच टीव्हीवर हे चित्रपट लवकरच येऊन पोहोचले. १९६१ साली अमेरिकेतील एन.बी.सी. वाहिनीने शनिवारच्या रात्री चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पहिलाच चित्रपट सिनेमास्कोप होता. २.३५ रुंदीचे चित्र १.३३ च्या चौकटीत कसे बसवायचे?

मार्ग तीनच. पहिला, चित्र कापायचा. तंत्रज्ञ दृश्यातला महत्त्वाचा भाग निवडतो आणि चौकट त्यावरून सरकवत नेतो. भागाकार करून पाहा : १.३३ ला २.३५ ने भागले की ०.५७ येतात. म्हणजे चित्राचा ४३ टक्के भाग प्रेक्षकाला दिसतच नाही. पडद्याच्या दोन टोकांना उभे राहून दोघे बोलत असतील, तर एकाचा आवाज तेवढा ऐकू येतो. दुसरा, चित्र अख्खे ठेवून वर-खाली काळ्या पट्ट्या सोडायचा. यात पडद्याचा ४३ टक्के भाग काळा राहतो. ‘पैसे पूर्ण मोजले आणि चित्र अर्धे’ अशी प्रेक्षकांची तक्रार येते. तिसरा मार्ग चित्र ताणण्याचा किंवा दाबण्याचा. यात कोपरा न् कोपरा भरतो, पण प्रत्येक वस्तूचा आकार बिघडतो.

बहुतेक वाहिन्यांनी पहिला मार्ग धरला. वुडी ॲलन या दिग्दर्शकाने मात्र आपला ‘मॅनहॅटन’ (१९७९) घरगुती व्हिडिओ फितीवर कापू दिला नाही. काळ्या पट्ट्यांसहच तो विक्रीला आला.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की आजही आपल्या दूरनियंत्रकावरच्या कळीत हेच तीन मार्ग वेगवेगळ्या नावांनी बसलेले आहेत. ‘झूम’ म्हणजे कापणे, ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ म्हणजे काळ्या पट्ट्या, आणि ‘वाइड’ किंवा ‘फुल’ म्हणजे ताणणे.

१६:९ कुठून आले?

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानच्या एन.एच.के. या प्रसारण संस्थेने पुढच्या पिढीच्या दूरचित्रवाणीवर संशोधन सुरू केले. प्रेक्षकांना निरनिराळ्या आकारांची चित्रे दाखवून त्यांची पसंती अजमावली. ४:३ पेक्षा रुंद चित्र लोकांना आवडते, आणि दृश्याने नजरेचा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापला की आपण त्या जागी असल्याचा भास वाढतो, असे त्यांना आढळले. जुना संच नेहमीच्या अंतरावरून जेमतेम १२-१३ अंश व्यापत असे. एन.एच.के.ने ११२५ रेषांची योजना आखली आणि आधी ५:३ हे गुणोत्तर घेतले.

अमेरिकेत चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेपुढे, म्हणजे ‘एस.एम.पी.टी.ई.’पुढे, हाच प्रश्न आला. तेथे आर.सी.ए. कंपनीचे शास्त्रज्ञ कर्न्स पॉवर्स यांनी १९८० नंतरच्या दशकात एक युक्ती योजली. ती वर्गात पुठ्ठ्यावर सहज करता येते, म्हणून सविस्तर सांगतो.

प्रचलित पाच गुणोत्तरे घ्या : १.३३, १.६६, १.८५, २.२० आणि २.३५. प्रत्येकाचा एक आयत कापा, पण सर्वांचे क्षेत्रफळ सारखे ठेवा, समजा १०० चौरस सेंटिमीटर. १.३३ चा आयत ११.५५ सें.मी. रुंद व ८.६६ सें.मी. उंच येईल. २.३५ चा आयत १५.३३ सें.मी. रुंद व ६.५२ सें.मी. उंच येईल. आता पाचही आयत मध्यबिंदू जुळवून एकमेकांवर ठेवा. सर्वांना सामावून घेणारी बाहेरची चौकट आखा. तिची रुंदी १५.३३ आणि उंची ८.६६, गुणोत्तर १.७७. सर्वांमध्ये सामाईक असणारा आतला आयत आखा. त्याची रुंदी ११.५५ आणि उंची ६.५२, गुणोत्तर पुन्हा १.७७!

हा योगायोग नाही. क्षेत्रफळ क्ष आणि गुणोत्तर ग असेल, तर रुंदी ‘क्ष गुणिले ग’चे वर्गमूळ आणि उंची ‘क्ष भागिले ग’चे वर्गमूळ येते. बाहेरच्या चौकटीत सर्वांत मोठी रुंदी सर्वांत रुंद आयताकडून येते आणि सर्वांत मोठी उंची सर्वांत अरुंद आयताकडून. भागाकार केला की क्ष निघून जातो आणि उरते १.३३ व २.३५ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे त्या दोघांचा भूमितीय मध्य. आतल्या आयतालाही हेच लागू पडते. १.७७ च्या अगदी जवळचा सोपा पूर्णांकी अपूर्णांक म्हणजे १६/९.

आणखी एक सुंदर गोष्ट पाहा. १६/९ हा ४/३ चा वर्ग आहे. ४/३ चा घन केला तर ६४/२७, म्हणजे २.३७ येतात आणि ते सिनेमास्कोपच्या जवळचे आहेत. जुना टीव्ही, नवा टीव्ही आणि रुंद चित्रपट ही एका भूमितीय श्रेणीतली लागोपाठची तीन पदे आहेत. म्हणूनच १६:९ च्या पडद्यावर जुना कार्यक्रम दाखवला तर दोन्ही बाजूंना मिळून पाव पडदा काळा राहतो आणि सिनेमास्कोप चित्रपट दाखवला तर वर-खाली मिळून जवळजवळ पाव पडदाच काळा राहतो. थोडक्यात, १६:९ हा एक समझोता आहे. एक पक्ष पूर्ण खूश नाही, पण दुसऱ्यावर अन्यायही नाही.

जपाननेही आपले ५:३ सोडून १६:९ स्वीकारले आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय शिफारशीत हा आकार नोंदला गेला. पण घरोघरी पोहोचायला त्याला सपाट पडद्याची वाट पाहावी लागली. रुंद काचनळी अवजड आणि महाग पडे. द्रव-स्फटिकाच्या पडद्याला गोल नळीचे बंधन नव्हते. २००० नंतरच्या दशकात सपाट पडद्यांनी नळीला बाजूला सारले. दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दूरदर्शननेही उच्च सुस्पष्टतेचे, रुंद चित्राचे प्रक्षेपण केले.

घरात संच आणताना

आता या इतिहासाचा व्यवहारात उपयोग करू.

पहिली गोष्ट, इंचांना भुलू नका. ४:३ मध्ये उंची कर्णाच्या ०.६० पट होती, १६:९ मध्ये ती ०.४९ पट आहे. जुन्या २९ इंची संचाची उंची साडेसतरा इंचांच्या आसपास होती. नव्या ३२ इंची संचाची उंची पावणेसोळा इंचच भरते. म्हणजे ‘मोठा’ संच आणूनही जुने कार्यक्रम आधीपेक्षा लहान दिसतात. तेवढीच उंची हवी असेल तर सुमारे ३६ इंची संच लागेल.

दुसरी गोष्ट, अंतर. निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन बिंदू वेगळे दिसतात. यावरून हिशेब केला तर १०८० रेषांच्या पडद्यावरचा सगळा बारकावा टिपायला पडद्याच्या उंचीच्या सुमारे ३.२ पट अंतरावर किंवा त्याहून जवळ बसावे लागते. जुन्या ५७६ दृश्य रेषांसाठी हे अंतर उंचीच्या सहापट होते. २१६० रेषांच्या, म्हणजे ‘फोर-के’ संचासाठी ते १.६ पट होते. त्रेचाळीस इंची संचाची उंची ५३ ते ५४ सेंटिमीटर. म्हणजे १०८० रेषांसाठी अंतर १.७ मीटर आणि फोर-केसाठी पाऊण-एक मीटर. आपल्या दिवाणखान्यात कोच आणि टीव्ही यांत सहसा दहा फूट, म्हणजे तीन मीटर अंतर असते. तेथून या संचावरचा फोर-केचा जादा बारकावा डोळ्याला पोहोचतच नाही. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरी टेप लावून अंतर मोजावे आणि मग संच ठरवावा. दुकानात आपण हाताच्या अंतरावरून पाहतो, हेही विसरू नये.

तिसरी गोष्ट, जागा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या आसपास असावा. देव्हाऱ्यासारखा उंच टांगलेला टीव्ही मानेला त्रास देतो. समोरच्या भिंतीत खिडकी असेल तर तिचा उजेड पडद्यावर परावर्तित होतो, हे प्रकाशाच्या धड्यातले ज्ञान येथे वापरावे.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आकाराची मांडणी. येथे दोन पेट्या निर्णय घेत असतात : वाहिन्यांचा सेट-टॉप बॉक्स आणि खुद्द टीव्ही. बॉक्सला ‘१६:९’ सांगावे आणि टीव्हीला ‘ओरिजिनल’ किंवा ‘ऑटो’वर ठेवावे. दोघांनीही आपापली हुशारी चालवली की घोळ होतो. बॉक्स १६:९ चे चित्र ४:३ च्या चौकटीत बसवून वर-खाली पट्ट्या घालतो, टीव्ही ती चौकट आपल्या रुंद पडद्यात बसवून डावी-उजवीकडे पट्ट्या घालतो आणि चित्र मधोमध पोस्टाच्या तिकिटासारखे उरते. त्याचे क्षेत्रफळ पडद्याच्या ९/१६ म्हणजे ५६ टक्केच असते. डीव्हीडीचीही अशीच गत. रुंद चित्र त्या तबकडीवर क्रेत्यांच्या युक्तीनेच आडवे दाबून ठेवलेले असते. ‘पडदा रुंद आहे’ हे यंत्राला सांगितले नाही, तर ते उलगडण्यात गफलत होते.

याशिवाय अनेक संच चित्राच्या चारी कडा थोड्या कापतात. नळीच्या काळात चित्राच्या कडा डळमळत, म्हणून त्या चौकटीआड लपवीत. नळी गेली, सवय राहिली. ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाची सोय असते, ती चालू करावी.

तपासणीला उपकरण लागत नाही. पडद्यावर मधोमध गोल वस्तू दिसली, चेंडू, घड्याळ, पौर्णिमेचा चंद्र, की उभा व आडवा व्यास मोजा. सारखे आले तर मांडणी बरोबर. आडवा व्यास ४/३ पट आला तर ४:३ चे चित्र ताणले जात आहे.

काळ्या पट्टीची किंमत

आमच्या प्रयोगशाळेत नेमके हेच झाले होते. माहितीपट ४:३ मध्ये बनलेला. संच ‘फुल’वर ठेवलेला. ताणलेल्या चित्रात केवळ पृथ्वीच बिघडते असे नाही. ४५ अंशांचा तिरका रस्ता ३७ अंशांचा होतो. समभुज त्रिकोण समभुज राहत नाही. ग्रहांच्या जवळजवळ वर्तुळाकार कक्षा ठळक लंबवर्तुळे होतात आणि केप्लरचा नियम ‘डोळ्यांनी पाहिल्याचे’ खोटे समाधान मुलांना मिळते. ‘झूम’ केले तर आणखी वेगळे नुकसान. ‘प्रभात’च्या काळातला चित्रपट रुंद पडदाभर दाखवायचा म्हणजे त्याच्या उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा फेकून द्यायचा. जे कापले गेले ते कोणी पाहतच नाही, म्हणून त्याची तक्रारही कोणी करीत नाही.

काळी पट्टी म्हणजे वाया गेलेली जागा, असे आपल्याला वाटते. वास्तविक ती एक प्रामाणिक कबुली आहे : हे चित्र दुसऱ्या काळात, दुसऱ्या चौकटीसाठी काढले होते आणि मी ते जसेच्या तसे तुमच्यापुढे ठेवत आहे.

त्या आठवड्यात मी वर्गाची माफी मागितली आणि तोच माहितीपट पुन्हा लावला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या होत्या. एक-दोन मुलांनी “चित्र लहान झाले” अशी कुरकुर केली. मोजपट्टी घेऊन ती विद्यार्थिनी पुढे आली. उंची ३६ सेंटिमीटर, रुंदी ३६ सेंटिमीटर. ध्रुवांवरचा चपटेपणा शोधायला मुलांनी बराच वेळ पडद्याला नाक लावले. तो काही कोणाला सापडला नाही. सव्वा मिलिमीटरचाच तर प्रश्न होता.